आबांच्या भाषणाची लांबी

१

धुळा उठला. फेटा सारखा करून माईकपाशी गेला आणि म्हणाला, "आबा, माजा एकच सवाल हाय. आमच्या पूर्वेकडच्या सभासदांचा ऊस मार्च उजाडला तरी रानातच वाळतोय, आन् संचालकांचा मातूर दिवाळीलाच..."

आणि आवाज गेला.

धुळाचे ओठ हलत होते, हातवारे चालू होते. मांडवातल्या तीन हजार सभासदांपर्यंत मात्र त्यातलं काही पोचेना. अँप्लिफायरचा लाल दिवा जळत होता, आतले व्हॉल्वही तापलेले दिसत होते. फक्त कर्णे मुके झाले होते. कराडपासून अर्ध्या तासावरच्या या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत असं घडण्याचं हे तिसरं वर्ष होतं. बहात्तर, त्र्याहत्तर आणि आता चौऱ्याहत्तर. अध्यक्ष सयाजीराव, म्हणजे आबा, यांचा आवाज आजवर एकदाही गेला नव्हता. जायचा तो सभासदांचा, आणि तोही नेमका ऊसतोडीच्या पाळीचा विषय निघाला की.

आबांनी हात जोडले. मंचावरच्यांनी "मंजूर, मंजूर" म्हटलं, आणि सभा संपली.

पूर्वेकडची माणसं मात्र घरी गेली नाहीत. चार मैल चालत येऊन प्रश्न विचारणाऱ्यांच्या तोंडावर तिसऱ्यांदा दार लागलं होतं. मेंढरांमागं जन्म काढून आता कुठं उसाच्या दोन सऱ्या लावलेली ती माणसं मंचामागं शिरली आणि त्यांनी लाऊडस्पीकरवाल्या आकारामला धरला. "किती खाल्लंस रं आबाकडनं?" असं विचारत त्यांनी त्याचा डावा हात मोडला. ज्याला विचारायचं त्याला सोडून जो हाताशी सापडतो त्याला मारायचं, ही मर्दुमकी आपल्याकडं फार स्वस्त आहे.

अर्ध्या तासानं मांडव रिकामा झाला. सत्काराच्या शाली, हार आणि नारळ जीपमध्ये गेले. मग एका शिपायानं सहज माईकवर टिचकी मारली, तर चारही कर्णे ठणठणीत बोलले.

झालं! आकारामनंच बटण बंद केलं होतं, याला आता आणखी पुरावा कशाला हवा?

२

धुळानं सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडं अर्ज टाकला. पंधरा दिवसांनी खास सभा लागली आणि तिथं खात्याचे अधिकारी बसणार असं ठरलं. त्याआधी कारखान्याला दोषी माणूस दाखवणं भाग होतं. ती जबाबदारी सेक्रेटरी भाऊसो यांनी घेतली. भाऊसो पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, अतिशय गोड बोलणारे गृहस्थ. इतके गोड, की त्यांच्याशी बोलल्यावर चूळ भरावीशी वाटे.

ते अँप्लिफायर घेऊन मलकापुरात नाथाजींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आले. नाथाजी लष्कराच्या सिग्नल्स, म्हणजे बिनतारी खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दुकानावर पाटी त्यांची. पण त्यांचे हात आता थरथरायचे, त्यामुळं बारीक काम त्यांची बायको अंजना करायची. जबलपूरच्या क्वार्टरमध्ये अकरा वर्षं नवऱ्याच्या टेबलापाशी बसून ती हे शिकली होती. गावाला हे ठाऊक होतं, पण गाव ते मान्य करत नव्हतं.

"नाथाजीराव, एवढी सही द्या," भाऊसोंनी टाइप केलेला कागद पुढं केला. "यंत्रात कोणताही दोष आढळला नाही, असं. सांगलीच्या मेकॅनिकनं दोनदा तपासलंय. तुम्ही लष्करातले, तुमच्या शब्दाला वजन."

"आन् दोष न्हाई म्हंजे?" नाथाजींनी विचारलं.

"म्हणजे दोष माणसात. आकाराम कामावरून कमी होईल, पोलिसांत नाव जाईल. वाईट वाटतं हो, पण काय करणार?"

अंजना कोपऱ्यात देवासाठी कापसाच्या वाती वळत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "सही आधी करायची का तपासून करायची, भाऊसाहेब?"

भाऊसो हसले. "वहिनी, तुम्ही चहा टाका."

अंजनानं चहा टाकला. भाऊसो गेल्यावर तिनं हात धुतले, पदर खोचला आणि अँप्लिफायर पुसायला घेतला. वरच्या पत्र्याच्या झाकणाला वारा खेळायला भोकं होती. भोकांशेजारी खळीचा चौकोनी डाग होता. तिथं कधीतरी कागद चिकटवलेला असावा. आता एका कोपऱ्यात त्याची बोटभर चिंधी उरली होती, आणि तिच्यावर निळ्या शाईची एक वेलांटी.

झाकण काढून त्यांनी तबकडी लावली. पाच तास अँप्लिफायर गात होता. दुसऱ्या दिवशी झाकण लावून चार तास चालवला. खरखरसुद्धा नाही.

"मला वाटलं, तापल्यावर काहीतरी सुटत असंल," नाथाजी म्हणाले. "पर न्हाई. मशीन ओके हाय." आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

अंजनानं कागदावर हात ठेवला. "आवं, थांबा जरा. आज गुरुवार हाय. सही उद्या करा."

नाथाजींनी पेन मिटलं. गुरुवार हे निव्वळ निमित्त होतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

३

आकारामचं घर कारखान्याच्या चाळीत होतं. तो प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. बोलायचं काम त्याची बायको सुलाबाई करत होती.

"या की! बघून घ्या आमचं ऐश्वर्य! आबाचा पैका खाल्लाय न्हवं ह्यांनी? त्या पैक्यातच ह्ये पांढरं हातकंकण घडवलंय!"

"सुले, गप," आकाराम म्हणाला.

"गप का? तुमी गप बसता म्हणून तर लोकं हात मोडत्यात. आता कागदावर अंगठा दे म्हंत्यात, मीच बटण दाबलं म्हणून. अंगठा दिला तर म्हणं पोलिसांत देणार न्हाईत."

"आकारामभाऊ," अंजना हळू आवाजात म्हणाली, "पंधरा ऑगस्टला ह्येच मशीन होतं न्हवं?"

"ह्येच. सकाळी सहापासनं दहापतूर चाललं. पोरांची गाणी, कवायत. एक डाव अडखळलं न्हाई."

"झाकण लावूनच?"

"व्हय. झाकण मी कवाच काढत न्हाई."

म्हणजे चार तास झाकण लावून ते चालत होतं. दुकानातही तसंच चाललं. मग वार्षिक सभेलाच त्याला काय होत होतं?

"सभेत मशीन कुठं असतं?"

"मंचामागं स्टुलावर. मी शेजारी खाली."

"आन् त्याच्यावर काय असतं?"

आकाराम गोंधळला. उत्तर सुलाबाईनं दिलं. "काय असणार? ह्यांच्या थोरवीचं गाठोडं! भाषणाआदी पंचवीस मिनिटं तीस माणसं एकमेकाला शाली घालत्यात. घातली की लगीच काढत्यात. आन् काढलेली समदी त्या मशीनवर."

"मागल्या साली मी शाली उचलून खाली ठेवल्या," आकाराम म्हणाला, "तर भाऊसाहेब अंगावर आलं. म्हणालं, सत्काराची शाल भुईवर ठेवतोस? मंचामागं दुसरी जागा न्हाई. मशीनवरच ठेवत्यात."

नाथाजींनी मांडीवर थाप मारली. "कव्हर झालं! भोकं बंद! तापतंय ते तिथं!"

"पर ह्या वर्षीचं जुळत न्हाई," अंजना म्हणाली. "दरसाली आबा तासभर बोलतात. ह्या वर्षी त्यांचा घसा बसला होता. धा मिनिटंच बोलले. एवढ्यात शालींखाली मशीन किती तापंल?"

मग आकाराम हळूच म्हणाला, "ताई, मशीन काय तवा चालू झालं न्हवतं. ह्या वर्षी तासभर आदी अभंगाच्या तबकड्या लावल्या हुत्या."

"दरसाली लावता?"

"छ्या! आबांना गाणी खपत न्हाईत. ह्या सालीच सांगितलं. भाऊसाहेबांनी."

४

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून अंजनानं दुकानात अँप्लिफायरवर चौपदरी वाकळ टाकली आणि तबकडी लावली.

सत्तर मिनिटांनी, ओवीच्या मध्यावर, आवाज गेला. लाल दिवा जळत होता. व्हॉल्व तापलेले. कर्णा मुका.

मशीन गार करून त्यांनी पुन्हा तपासलं. आधी तासभर नुसतं झाकण लावून चालवलं आणि मग वाकळ टाकली. या खेपेला पस्तीस मिनिटं लागली. सत्काराची पंचवीस आणि आबांच्या बसलेल्या घशाची दहा.

"वाकळ काढ, झाकण काढ," नाथाजी म्हणाले. "पर गार व्हायच्या आत."

हीच खरी मेख होती. दुरुस्त करणारा प्रत्येक जण आधी झाकण काढतो. वारा लागतो, आतला बिघाड बरा होऊन बसतो, आणि मेकॅनिक म्हणतो, दोष नाही. बिघाडाला लपायला जागा मेकॅनिकच करून देतो.

अंजनानं कोरड्या बांबूच्या काडीला एक वात गुंडाळली, ती स्पिरिटमध्ये बुडवून निथळली आणि तापलेल्या भागांना एकेक करून टेकवू लागली. स्पिरिट उडतं तसा भाग झटकन गार होतो. पहिल्या भागाला लावलं, काही नाही. दुसऱ्याला लावलं, काही नाही. एका व्हॉल्वकडून पुढच्या व्हॉल्वकडं आवाज नेणारा करंगळीएवढा मेणाचा कंडेन्सर होता. त्याला वात टेकली आणि कर्णा ओवीच्या पुढच्या शब्दापासून गाऊ लागला.

"ह्यो बघा," ती म्हणाली.

वरून कंडेन्सर अगदी कोरा दिसत होता. ना फुगलेला, ना जळलेला. तिनं तो काढून चिरला. आतल्या वर्खाला तार नुसती चिकटून होती, धरलेली नव्हती. मेण मऊ झालं की ती सुटायची, घट्ट झालं की पुन्हा टेकायची.

नाथाजींना आनंद झाला. "सुटला आकाराम! मशीनच खराब. लिहून देऊ."

"लिहून दिलं तर काय म्हणतील? यंत्रात दोष होता, दुर्दैव म्हणायचं. आन् मिटलं," अंजना म्हणाली. "तीन वर्षं एक दुर्दैव नेमकं धुळाच्याच तोंडाशी येऊन बसतं व्हय? घसा बसलेल्या वर्षी ते अभंग ऐकत बसतं?"

तिनं नवा कंडेन्सर बसवला आणि जुना डबीत ठेवला. मग म्हणाली, "सांगलीला जायचं. ह्या झाकणावरचा कागद कुणी लावला ते बघू."

५

सांगलीचा दादासो स्वतःला इलेक्ट्रॉनिक इंजिनिअर म्हणवायचा. त्याच्या पाटीवर तशी अक्षरंही होती. कसलं कॉलेज, ते मात्र पाटीवर नव्हतं.

"मी दोनदा टेस्ट केलंय," तो नाथाजींकडं बघून म्हणाला. अंजना त्याच्या लेखी तिथं नव्हतीच. "परफेक्ट आहे."

"फॅनखाली, झाकण काढून?" अंजनानं विचारलं.

"मग काय गोधडीत गुंडाळून?"

"व्हय," ती म्हणाली.

दादासोचा चेहरा उतरला. तो कुरकुरला, "तापल्यावर बसतंय, हे मला माहीत होतं. पार्ट कुठला ते सापडलं नाही. म्हणून मी चिठ्ठी लावून दिली. 'वर काही ठेवू नये.' ठळक लिहिलं होतं."

"कवा?"

"बहात्तर साली. पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा. भाऊसाहेब जीप घेऊन आले होते, त्यांना तोंडानंही समजावून सांगितलं. नीट विचारून घेतलं त्यांनी. किती वेळानं बंद पडतं, गार व्हायला किती लागतं. बारकाईचा माणूस आहे."

"आन् 'दोष न्हाई' म्हणून सही दिलीस?" नाथाजींनी विचारलं.

"कारखान्याचं काम आहे हो. तुटतं का असं?"

अंजना उठली. खोटं बोलणाऱ्याला ती कधी रागावत नसे. त्याच्यासाठी संध्याकाळी देवापाशी दोन शब्द टाकत असे. दादासोसाठी तिनं तेही टाकले नाहीत. ज्याला खरं ठाऊक असून चिठ्ठीपुरतंच सांगता आलं, त्याच्यासाठी देवाला तरी काय सांगायचं?

सगळं आता स्वच्छ दिसत होतं. पहिल्या वर्षीचा बिघाड खराच अपघाती होता. त्यानंतरचे दोन नव्हते. आबांना थोडक्यात बोलता येत नाही, असा लोकांचा समज होता. तो आबांच्या बुद्धीचा अपमान होता. आबा मोजून बोलत होते. शालींखालचं मेण पातळ होईपर्यंत.

"पर पुरावा कुठला?" परतीच्या एसटीत नाथाजी म्हणाले. "दादासो सभेत तोंड उघडायचा न्हाई. चिठ्ठी फाडली. गाणी लावली, तर गाणी लावणं काय गुन्हा हाय?"

अंजना खिडकीबाहेर बघत होती. "आवं, ज्यांना वाटतंय मशीन बंद पडणार, त्यांना वाट बघू द्या की."

६

शनिवारी भाऊसो आले. "काय नाथाजीराव, सापडला का दोष?"

उत्तर अंजनानं दिलं. "मशीनमध्ये आज काई दोष न्हाई, भाऊसाहेब. आमी तपासलं."

तिनं एका शब्दानंही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी 'आज' या शब्दावर थांबून एवढं जरी विचारलं असतं, की काल होता का, तरी तिनं डबी उघडून दाखवली असती. पण भाऊसोंनी वहिनींना आजवर कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

"मला माहीतच होतं," ते खुशीत म्हणाले. "सही?"

"सभेत आणून देतो," नाथाजी म्हणाले. "अधिकाऱ्यांच्या हातात."

"उत्तमच! आणि उद्या मशीनपाशी आकारामलाच बसवा. लोकांना दिसू दे त्याची करणी."

७

चौकशीची सभा होती, तरी सत्कार झालेच. रजिस्ट्रारकडच्या अधिकाऱ्यांना शाल, त्यांच्या कारकुनाला शाल. संचालकांना, का ते कुणालाच कळलं नाही, तरी शाल. पंचवीस मिनिटांत स्टुलावरचा अँप्लिफायर दिसेनासा झाला. तासभर आधीपासून अभंग चालू होतेच.

आकाराम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शेजारी बसला होता. अंजना आणि सुलाबाई बायकांत पुढं बसल्या.

आबा उठले. त्यांचा घसा आता बरा होता. कारखान्याची पायाभरणी झाली. वाडवडिलांचा त्याग झाला. अर्धा तास झाला तसे भाऊसो सुखानं मंचामागं जाऊन आले. आवाज खणखणीत होता.

आबांनी सहकाराचं तत्त्व सांगितलं. मग ते पुन्हा सांगितलं. एक तास झाला. सत्तर मिनिटं झाली. आबांच्या कपाळावर घाम आला. ते जनावरांच्या लाळ्या-खुरकुतावर बोलू लागले.

"ह्यो काय डाक्टर झाला का काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रं, आता आबा गाईची धार काढून दाखवत्यात," दुसरा म्हणाला.

दीड तास झाला. खुरकुत संपलं. आबांनी पावसाचा विषय काढला, तोही संपला. त्यांनी भाऊसोंकडं पाहिलं. भाऊसो मंचामागं गेले, शालींच्या ढिगात हात घालून आले आणि आबांच्या कानाशी वाकले. आबांनी सवयीनं माईकवर तळवा ठेवला.

अंजनानं आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं तसा आकारामनं उजवा हात शालींखाली घातला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

कर्णे आधी शिटी मारल्यासारखे किंचाळले. आणि मग चारी दिशांना, मांडवात, गाडीतळावर, पार गोदामापर्यंत भाऊसोंचा गोड आवाज गेला:

"आबा, अजून पंधरा मिनिटं ओढा. शाली चांगल्या तापल्यात. दरसाली पडतंय, आजबी पडंल बंद. धुळ्याला काय बोलू देऊ नका."

मांडवातल्या तीन हजार माणसांनी ते ऐकलं. मग मागून एक हसणं फुटलं आणि लाटेसारखं पुढं आलं. भाऊसो ताठ उभे राहिले. आपण ऐकलं ते आपलंच होतं, हे कळायला त्यांना वेळ लागला. स्वतःचा आवाज एवढा मोठा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

अधिकाऱ्यांनी अंगावरची शाल काढली. ठेवायला जागा बघितली आणि शेवटी कारकुनाच्या हातात दिली. "हे शब्द लिहून घ्या," ते म्हणाले. नाथाजींनी पुढं होऊन त्यांच्यासमोर दुरुस्तीचा अहवाल, चिरलेला कंडेन्सर आणि अंजनानं लिहिलेल्या वेळांचा कागद ठेवला. सत्तर मिनिटं. पस्तीस मिनिटं.

धुळा उठला. तो माईककडं गेला नाही. मंचाला वळसा घालून आकारामपाशी गेला आणि फेटा काढून उभा राहिला.

"आकाराम, तुजा हात आमी मोडला. आमची चूक झाली गड्या."

"चूक?" बायकांतून सुलाबाई उभी राहिली. "मीठ घालताना व्हती ती चूक, धुळाभाऊ! ह्यो हात हाय! पाणी कोण शेंदतंय माज्या घरात, ह्यांना सदरा घालतंय कोण, ठावं हाय का?"

धुळाची मान खाली गेली. "जे सांगशील ते करतो, बया."

"मग आदी सवाल विचार," सुलाबाई म्हणाली. "तीन वर्षं झाली तुज्या त्या सवालापायी. येकदा तरी पुरा ऐकू दे."

धुळानं विचारला. पुरा विचारला. पूर्वेकडच्या किती सभासदांचा ऊस मार्चनंतर तुटला, संचालकांचा कोणत्या महिन्यात तुटला, आणि पाळीची यादी सभासदांना दाखवत का नाहीत. शेवटचा शब्द संपेपर्यंत आवाज गेला नाही.

मग सगळा मांडव आबांकडं वळला. आबांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. भाऊसोंकडं बघितलं. भाऊसो मंचाच्या पायऱ्या उतरत होते आणि त्यांना वाट द्यायला कुणी बाजूला सरत नव्हतं.

आकाराम जागेवरून उठला. मोडका हात सांभाळत मंचावर चढला. उजव्या हातानं माईकची दांडी आबांच्या तोंडापाशी आणून घट्ट धरली.

"बोला, आबा," तो म्हणाला. "चालू हाय."